चौदाव्या रकान्यातलं बंदर

सरकारी अर्जाच्या चौदाव्या रकान्यात विचारलं होतं, भरतीच्या आणि ओहोटीच्या वेळी पाण्याच्या पातळीत किती फरक पडतो. मी झोकदार अक्षरात लिहिलं, ‘लागू नाही’. आंबेगाव तालुक्यात कुठली आलीय भरती-ओहोटी? आहुप्याच्या कड्यावर उभं राहिलं तर कोकण पायाखाली दिसतं, पण म्हणून समुद्र काही चढून वर येत नाही. लिहिताना मला हसूसुद्धा आलं होतं.

त्या दोन शब्दांनी मी एक अख्खं बंदर कोरड्या जमिनीवर बांधून घेतलं. आजही ते आठवलं की माझी कानशिलं तापतात. निम्मा राग सरकारवर, निम्मा स्वतःवर, असं मी लोकांना सांगतो. ते खोटं आहे. दोघांवरही पुरेपूर आहे. रागाचा तुटवडा पडावा असं आपल्याकडे काही घडलेलं नाही.

मंचरला एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले आणि त्यांनी किराणा काढला. आजोबांनी कांदा-बटाट्याची आडत केली, वडिलांनी कापडाचं दुकान थाटलं आणि माझ्यापर्यंत येता येता घराण्याचं तेज एका झेरॉक्स मशीनवर येऊन थांबलं. पण अर्ज भरावेत ते मीच. सातबाऱ्याच्या दुरुस्तीपासून विधवा पेन्शनपर्यंत, माझ्या हातचा अर्ज त्रुटी काढून परत आलाय असं कधी झालं नाही. ही माझी फुशारकी होती आणि ती मी गिऱ्हाइकाला चहाबरोबर पाजत असे.

म्हणून त्या ताई माझ्याकडे आल्या. धरणाच्या काठावरच्या आदिवासी वस्तीतल्या. वस्तीतल्या लोकांनी मासेमारीची सोसायटी केली होती आणि ताई तिच्या अध्यक्ष. धरण झालं तेव्हा त्यांच्या सासऱ्यांची भातखाचरं पाण्यात गेली. मग ज्या पाण्यानं जमीन नेली त्याच पाण्यात नवऱ्यानं जाळं टाकायला सुरुवात केली. नवरा होडीवर, आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन काठापासून रस्त्यापर्यंत चढायचं काम ताईंचं. रस्त्यावर सकाळी टेंपो यायचा आणि तो कुणासाठी थांबायचा नाही. त्यांच्यासोबत सोसायटीची दोन माणसं होती, ती सगळा वेळ दारातच उभी राहिली. मी बसा म्हणालो, तर अंगाला वास येतो म्हणून बसली नाहीत. मीही दुसऱ्यांदा म्हणालो नाही, हे इथंच कबूल करून टाकतो.

मत्स्यबंदरांच्या विकासासाठी सरकारनं निधी काढला होता. बहुतेक सगळा समुद्रकाठासाठी, पण त्यातला एक तुकडा धरणांतल्या मासेमारीसाठी राखून ठेवलेला. अर्ज मात्र सगळ्यांना एकच, समुद्राच्या मापानं छापलेला. लाटांची सरासरी उंची किती? दीपस्तंभ आहे काय? असल्यास दुरुस्तीस आला आहे काय? मी एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होतो आणि स्वतःच्याच विनोदांवर हसत होतो. ताई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की उन्हाळ्यात पाणी लांब जातं, मधे गाळ उघडा पडतो आणि त्या गाळातून पाटी घेऊन वर येणं आता गुडघ्याला झेपत नाही. धक्का असा पाहिजे की उन्हाळ्यातही होडी लागली पाहिजे.

“शेठ, तुमी येकदा वैशाखात या आन् बघा,” त्या म्हणाल्या. “मंग लिवा.”

तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. अर्जाची मुदत महिनाअखेरीला संपत होती. मी म्हणालो, ताई, सरकार वैशाखापर्यंत थांबत नाही. वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना ऐकवलं.

घरी आईला कळलं. आमच्या घरात पाणीसुद्धा गाळून, उकळून पितात. मासे उतरवायच्या जागेसाठी मुलगा अर्ज भरतोय म्हटल्यावर तिनं दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलणं ठेवलं. मग विचारलं, त्या धक्क्यावर जेवढे मासे उतरतील त्यांचं पाप कुणाच्या माथ्यावर? मी म्हणालो, आई, मी फक्त कागदावर लिहितोय, कागदावर मासा नसतो. कागदावर मासा नव्हता आणि पाणीही नव्हतं, हे कळायला मला पुढं दीड वर्ष लागलं.

जागा बघायला गेलो ती कार्तिकातली सकाळ होती. धरण काठोकाठ. हिरवे डोंगर, निळं पाणी, थंडगार वारा. मी मनात म्हटलं, इथं एक हॉटेल काढायला पाहिजे. रस्त्यापासून पाणी अगदी जवळ होतं, मी चाळीस पावलं मोजली. म्हणजे खरं सांगायचं तर पंचवीस मोजली आणि उरलेली नजरेनं. कारण काठावर जाळी वाळत घातली होती, मासळीचा वास येत होता आणि मी नाकाला रुमाल लावून रस्त्याच्या कडेच्या जांभळीखाली थांबलो होतो. ताईंचा नवरा खालून हात करून बोलवत होता. खाली गेलो असतो तर त्यानं बोट करून दाखवलं असतं की वैशाखात पाणी कुठं असतं. मी वरूनच हात हलवला, दोन फोटो काढले आणि नकाशावर त्या निळ्या पाण्याच्या कडेला फुली मारली.

अर्ज मंजूर झाला. एकही त्रुटी निघाली नाही. मी दुकानात पेढे वाटले.

बांधकाम उन्हाळ्यात सुरू झालं. आता बघा, उन्हाळ्यात माझ्या फुलीपाशी पाणी नव्हतंच. पाणी खाली, लांब, दरीच्या तळाला चमकत होतं, आणि वर फुफाट्यात ठेकेदाराची माणसं धक्का बांधत होती. ताईंच्या नवऱ्यानं ठेकेदाराला विचारलं, भाऊ, पाणी तिकडं हाये, तुमी हिकडं का बांधताय? ठेकेदारानं नकाशाची प्रत काढली आणि फुलीवर बोट ठेवलं. तुमच्याच सोसायटीचा कागद आहे म्हणाला. वरचा साहेब एकदाच आला, गाडीतून उतरला नाही, काच खाली करून म्हणाला की पावसाळ्यात पाणी येईल ना वर. सोसायटीच्या लोकांनी मला फोन केला होता. मी कांद्याच्या अनुदानाच्या अर्जांत बुडालो होतो. मी म्हणालो, इंजिनिअर लोक आहेत, त्यांना कळतं.

पाण्याचा माणूस पाण्याबद्दल सांगतोय, आणि गाडीतला साहेब, ठेकेदार आणि झेरॉक्सवाला असे तिघं मिळून त्याला सांगताहेत की आम्हाला कळतं. यापेक्षा जास्त निर्लज्जपणा मी आयुष्यात पाहिलेला नाही, आणि त्या तिघांत मी होतो.

पाऊस संपला, धरण भरलं, पाणी धक्क्याला लागलं आणि लगेच उद्घाटन झालं. कार्यक्रम घाईनं उरकला, कारण पाणी किती दिवस तिथं राहील याचा अंदाज बहुधा कुणालातरी आला होता. धक्का मोठा देखणा. वर शहाबादी फरश्यांचं अंगण, त्याला निळा कठडा, आणि दोर बांधायला असे दणकट लोखंडी खुंटे की मुंबईचं जहाज आणून बांधावं. आमच्या होड्या दोन माणसांनी उचलून डोक्यावर घेण्याएवढ्या. फलकावर नांगर रंगवला होता. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की आजपासून आंबेगावला स्वतःचं बंदर मिळालं. माझा सत्कार झाला. गळ्यात हार घालून मी फोटोत मध्यभागी. ताई खाली, बायकांच्या घोळक्यात होत्या, त्यांना कुणी वर बोलावलं नाही. कार्यक्रम संपल्यावर त्या जवळ आल्या.

“शेठ, लई झ्याक झालंय. पर वैशाखात काय करायचं?”

मी हार सावरत म्हणालो, बघू, सरकार लक्ष घालील.

सरकारनं लक्ष घातलं नाही आणि मीही घातलं नाही. घातलं धरणानं. थंडी सरता सरता पाणी धक्का सोडून निघालं. म्हणजे जेव्हा धरण भरलेलं असतं, काठावर घट्ट गवत असतं आणि होडी कुठंही लावता येते, तेवढेच दिवस आमचं बंदर पाण्यात. जेव्हा गाळ उघडा पडतो आणि धक्क्याची खरी गरज लागते, तेव्हा ते डोंगरावर. पावसाळ्यातल्या बंदीच्या दिवसांत तर मासेमारीच नसते. लोखंडी खुंट्यांना वस्तीतल्या म्हशी बांधू लागल्या. त्यांची तेवढी चांगली सोय झाली.

वैशाखात एका सकाळी ताई दुकानात आल्या. भांडायला आल्या असतील म्हणून मी आधीच चार वाक्यं जुळवून ठेवली. त्या भांडल्या नाहीत. चला म्हणाल्या. मी शटर अर्धं ओढलं आणि मुकाट्यानं जीपमध्ये बसलो.

धक्क्यावरून खाली बघितलं तर पाणी कुठं? एवढी मोठी भेगाळलेली उतरण, खाली काळा ओला गाळ, त्याच्याही पलीकडं पाण्याची पट्टी, आणि तिच्या कडेला ताईंची होडी नखाएवढी. मी उतरायला निघालो. पहिल्या उतरणीवर ऐटीत होतो. गाळ लागला तसा एक पाय घोट्यापर्यंत गेला, दुसरा गुडघ्यापर्यंत. सँडल आत राहिली. ती काढायला वाकलो आणि बसकण मारली. होडीजवळून ताईंचा नवरा ओरडला, शेठ, तिथंच थांबा, हलाल तेवढं खाली जाल. त्यानं फळी आणून मला उपसून काढलं. सँडल अजून तिथंच आहे. शंभर वर्षांनी कुणाला सापडली तर अभ्यासकांनी डोकं खाजवू नये, म्हणून इथं नोंद करून ठेवतो.

तोवर ताई होडीपर्यंत जाऊन, पाटी भरून घेऊन माझ्या बाजूनं परत चढत होत्या. पाटीत चिलापी आणि दोन मोठे कटले. एक पाय टाकायचा, तो रुतला की दुसरा उपसायचा, डोक्यावरची पाटी हलू द्यायची नाही. डाव्या गुडघ्याला चिंधी करकचून बांधलेली. मधे दोन वेळा थांबल्या. बसता येत नाही, कारण बसलं की उठायला हात टेकायला लागतो आणि हात पाटीला. मी रिकाम्या हातानं, एका सँडलीवर, त्यांच्यामागून धापा टाकत वर आलो. टेंपो निघून गेला होता. उन्हात पाटीतली मासळी बघता बघता मऊ पडायला लागली.

धक्क्याच्या निळ्या कठड्याला टेकून ताईंनी सांगितलं की होडी विकायची ठरलीय. जुन्नरकडच्या धरणावरचा एक पाव्हणा बघून गेलाय, येत्या आठवड्यात न्यायला येणार. “मालकाचं मन न्हाई. पर ह्यो गुडगा आता दुसरा उन्हाळा न्हाई काढायचा. आन् मासा वर न्यायला मान्सं न्हाईत, पोरं समदी कंपनीत गेली. पानी हाये, जाळं हाये, मासा हाये. वर न्यायला रस्ता न्हाई.” मग धक्क्याकडं मान वळवून म्हणाल्या, “आन् ह्यो येवढा मोटा रस्ता हितं निजलाय.”

मी मंचरला आलो ते आई काय म्हणेल याची पर्वा न करता गाळासकट. दुकानात काऊंटरवर एक कागद पडला होता. अवसरी बुद्रुकचा एक शेतकरी सकाळी शंभर प्रती काढायला ठेवून गेलेला, कालव्याच्या उन्हाळी आवर्तनाचं वेळापत्रक. अमुक तारखेला धरणाचं दार उघडणार, अमुक तारखेला पाणी अवसरीला. दर उन्हाळ्यात मी या कागदाच्या प्रती काढतो. वर्षानुवर्षं. दार उघडलं की आमच्याकडे कांद्याला पाणी येतं, म्हणजे तेवढं पाणी त्यांच्याकडून जातं. ही आमची ओहोटी. तिचं वेळापत्रक माझ्याच मशीनमधून निघतं, आणि मी चौदाव्या रकान्यात लिहिलं, लागू नाही. मी त्या मशीनला लाथ मारली. तिला काही झालं नाही. माझा अंगठा सुजला.

दुसऱ्या दिवशी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांना म्हणालो, धक्का चुकीच्या जागी झालाय, खाली गाळातून पाण्यापर्यंत फरशीची वाट तरी करून द्या. त्यांनी संगणकात बघितलं आणि म्हणाले, काम पूर्ण दिसतंय. मी म्हणालो, दिसतंय तिथं म्हशी बांधल्यात. ते म्हणाले, पूर्ण झालेल्या कामावर पुन्हा निधी देता येत नाही. मी आवाज चढवला. समुद्राचा अर्ज धरणाला का लावला, उन्हाळ्यात तुमचं एकही माणूस खाली का उतरलं नाही, पाणी कुठं आहे हे डोळ्यांनी बघायला कुठला शासन निर्णय लागतो, असं बरंच बोललो. त्यांनी शांतपणे फाईल काढली, पान उलटलं आणि माझ्याकडं फिरवलं. चौदावा रकाना. माझं झोकदार अक्षर.

“हे तुम्हीच लिहिलंय ना? आम्ही विश्वास ठेवला.”

मग त्यांनी उपायही सांगितला. सोसायटीनं लेखी द्यावं की आम्ही चुकीची माहिती दिली. त्यावर चौकशी लागेल, आणि चौकशीत दोष निघाला तर सोसायटीचा मासेमारीचा ठेका रद्द होऊ शकतो. मी म्हणालो, चूक माझी आहे, मी लेखी देतो. ते म्हणाले, अर्जदार सोसायटी आहे, अर्ज भरून देणाऱ्यासाठी रकाना नाही. एवढी वर्षं मी लोकांचे रकाने भरले, आणि सगळ्या अर्जांत मी कुठंच नव्हतो. चूक करायला मी, भोगायला ताई. रागानं मला दरवाजा सापडेना, मी रेकॉर्ड रूममध्ये शिरलो आणि तिथून मला शिपायानं बाहेर काढलं.

वस्तीवर जाऊन मी सगळं सांगितलं.  ताईंचा नवरा उठला, घरातून पहार आणली आणि अंगणाच्या कडेची पहिली शहाबादी उचकटली.

मी म्हणालो, अहो दादा, सरकारी मालमत्ता आहे.

“मंग?” तो म्हणाला. “सरकारनं माश्यासाठीच दिलीया ना? माश्याकडं नेतो.”

चार दिवस वस्ती राबली. आधी गाळावर निरगुडीच्या फांद्यांचा जाड थर, त्यावर फाटकी जाळी, त्यावर फरशी. फांद्या नसत्या तर फरशी माझ्या सँडलीच्या भेटीला गेली असती. एका माणसापुरती रुंद वाट, धक्क्यापासून थेट पाण्यापर्यंत. पाणी खाली सरकलं की पुढं आणखी दोन फरश्या टाकायच्या. मीही पहार हातात घेतली होती. दिवसभरात माझ्याकडून दीड फरशी निघाली. अर्धी आत राहिली.

जुन्नरचा पाव्हणा होडी न्यायला आला. ताईंनी त्याला चहा दिला आणि वाट दाखवली. तो वाटेवरून खाली गेला, वर आला, आणि होडीचं काही न बोलता आमच्या धरणावरबी धक्का असाच कोरड्यात बांधून ठेवलाय, तुमी किती फांद्या टाकल्या, असं विचारून गेला.

मग नोटीस आली. शासकीय बंदराची मोडतोड व फरश्यांची चोरी. मी उत्तर लिहिलं की फरश्या मी काढल्या, एकट्यानं. ताईंच्या नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, राव, आसं लिवू नका, पंचनाम्याला आलं आन् तुमच्या हातात पहार दिली तर समदंच उघडं पडंल. तरी मी ते पाठवलं. घरी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, या कागदावर तरी खरं लिहायचंस.

पंचनाम्याला कार्यालयातले तेच साहेब आले. वैशाख सरत आला होता, आणि त्या बंदरावर उन्हाळ्यात गाडीतून खाली उतरणारे ते पहिले अधिकारी. चोरीचा माल कुठं आहे म्हणून विचारलं. मी खाली बोट दाखवलं. माल बघायला खाली जाणं भाग होतं, आणि खाली जायला त्या मालावरूनच जाणं भाग होतं. दोन्ही बाजूंना काळा गाळ. साहेब फाईल छातीशी धरून एकेक फरशीवर पाय टाकत निघाले, त्यांच्या मागं मी, माझ्या मागं पंच. मध्यावर पोचलो तशा समोरून ताई आल्या. डोक्यावर पाटी, काठोकाठ.

साहेब थांबले. या सगळ्या फरश्या जप्त होतील, म्हणाले.

“करा की,” ताई म्हणाल्या. “पर आदी मला जाऊ द्या सायब. टेंपो निघंल.”

वाट एका माणसापुरती. मागं फिरावं तर मागं मी, आणि माझ्या मागं पंच. ताई तशाच उभ्या राहिल्या, मान ताठ, गुडघा किंचित वाकलेला. वर रस्त्यावर टेंपोनं हॉर्न दिला. साहेबांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी सरळ उभा राहिलो, कारण खरं सांगतो, मला ते बघायचं होतं. मग त्यांनी फाईल वर धरली आणि बुटासकट डावा पाय गाळात टाकला. तो गुडघ्यापर्यंत गेला.

पुढचा नंबर माझा होता. मी सँडल काढून हातात घेतल्या आणि उतरलो.